भाटव्यांची सायकल आणि गुंफाबाईची वांगी

तीन वर्षांपूर्वीच्या पौषात, पहिल्या बाजाराच्या दिवशी, शाळेची दहाची घंटा होऊन पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती तेव्हा साखरखेर्ड्याच्या भाजीबाजारात गुंफाबाई माळणीवर अन्याय झाला. तिची वांग्यांची टोपली उलटली, मेथी धुळीत गेली आणि उजवं मनगट मोडलं. अन्याय करणारा कोणी परका नव्हता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा, म्हणजे आमचे भाटवे. हे आधीच सांगून टाकतो, कारण दारूबंदीच्या सभेत घसा फोडणारा माणूस घरचं झाकून गावाचं उघडं करू लागला की त्याचं पत्रक पुडी बांधायच्याच लायकीचं उरतं. दुसरंही आताच सांगतो. सबंध वऱ्हाडात या भाटव्यांइतका भला, भाबडा आणि सायकलीवर बसायला नालायक माणूस मी पाहिलेला नाही.

भाटव्यांचा देह कडब्याच्या गंजीएवढा आणि मन तिच्यात निजलेल्या मांजरीच्या पिलाएवढं. त्यांच्या वावरातून गेलेल्या माणसाच्या हातात ओंबी नाही तर हरभऱ्याचा डहाळा नाही असं कधी झालं नाही. चोराला पकडलं तरी ते आधी त्याला पाणी विचारत. त्यांची खरी खोड निराळीच होती. ते जिनसांशी बोलत. विहिरीत पोहरा सोडताना तिला 'जाऊन येतो माय' म्हणत, चूल धुमसली तर तिची समजूत काढत, आणि बाज करकरली तर उठून उभे राहत. एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. भरदुपारी भाटवे बाजेखाली डोकं घालून विचारत होते, "काय दुखून राह्यलं बे तुले? सांगशीन तं समजीन ना!" मग त्यांनी चारही खुरांना तेल चोळलं आणि स्वतः भुईवर घोंगडी टाकून निजले. बाजेला विश्रांती हवी होती म्हणे.

अशा माणसाने दारू प्यावी हा दैवाचा अन्यायच, पण पीत होते खरे. दर बाजारी पीत, आणि देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत जरा जास्तच. इतकी वर्षं त्यांना काही झालं नाही याचं सगळं श्रेय पवळ्या नावाच्या बैलाला. भाटवे दमणीत आडवे होत, कासरा सोडून देत आणि घोरू लागत. पवळ्या आपल्या जोडीदाराला ओढत नाला ओलांडी, समोरून गाडी आली तर कडेला होई, आणि बरोबर अक्काच्या दारात येऊन हंबरे. अक्का बाहेर येऊन आधी पवळ्याच्या पाठीवरून हात फिरवी, मग नवऱ्याला उठवी. एकदा यात्रेहून पवळ्याने त्यांना आणलं तेव्हा भाटव्यांच्या डोक्यावर दुसऱ्याच कोणाचं पागोटं होतं. अक्काने विचारलं तर म्हणाले, "पागोटं बदललं अशीन, पन बैल तं आपलाच हाये ना?" त्यांचं तत्त्वज्ञान त्यांनी मला कितीदा ऐकवलं असेल: "प्यावं मालकानं, सुध ठेवावी बैलानं." मी यावर दीड तास भाषण करी. ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "पुढारी, घसा कोरडा पडला अशीन, ताक घे."

पुढे पवळ्या म्हातारा होऊन गेला. भाटवे तेरा दिवस अनवाणी हिंडले. दुसरा बैल दमणीला जुंपायचा त्यांना धीर होईना, म्हणून कापूस विकायला गेले असताना शेगावच्या स्टेशनावर आगगाडीतून उतरलेली एक विलायती सायकल त्यांनी घेऊन टाकली. तिला गावात आणून पहिल्याच दिवशी तिचं नाव पवळ्या ठेवलं. ती गोठ्यातल्या दावणीला दाव्याने बांधली जाई. पोळ्याच्या आदल्या सांजेला तिच्या हँडलाला हळद आणि लोणी चोळून भाटवे हात जोडत आणि बैलांना म्हणायचं ते तिलाही म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी शिंगांच्या जागी बेगड, गळ्यात घुंगरमाळ, आणि पुरणपोळी कुठे लावावी हे न कळून ती घंटीवर ठेवलेली. सारं गाव हसलं. भाटवे म्हणाले, "हसा लेकहो, त्याले समजते सारं."

इथेच घात होता. शुद्धीत असताना भाटवे सायकल झकास चालवत. ब्रेक दाबत, घंटी वाजवत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाहून उतरत. पण पोटात दोन पेले गेले की हात हँडलावरून मांडीवर येत, डोळे अर्धे मिटत आणि सायकल ही सायकल उरत नसे. तिला थांबवायचं झालं तर ते ब्रेक दाबत नसत, तोंडाने 'हो हो हो' करत. वळवायची झाली तर जीभ टाळूला लावून टकटक करत. असे ते एकदा तुरीत गेले, एकदा निंदणाऱ्या बायांच्या ओळीतून आरपार गेले, आणि एकदा बाभळीच्या काट्यांच्या कुंपणावर जाऊन बसले. अक्का चिमट्याने काटे काढी आणि रडे. भाटवे पालथे पडून म्हणत, "नवा हाये गं अजून. रस्ता सवयीचा व्हाले वेळ लागते."

आता त्या पौषातल्या सकाळची गोष्ट. बाजाराच्या तोंडाशी ठेक्याचा गुत्ता आहे. त्याच्यासमोर मी पत्रकं वाटत उभा होतो. पत्रक माझंच होतं, मोठा अभिमान होता मला त्याचा. 'दारू पिऊन गाडी हाकू नका, घोड्यावर बसू नका, मोटारीच्या वाटेत येऊ नका, कायद्याच्या तावडीत सापडाल!' भाटवे गुत्त्यातून बाहेर आले. पाय अडखळत होते, चेहरा मात्र प्रसन्न. मी संतापाने एक पत्रक त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी ते दूर धरून, ओठ हलवत, सगळं वाचलं.

"पुढारी," ते म्हणाले, "ह्याच्यात सायकल कुठं हाये?"

खरंच नव्हती. मला सुचलीच नव्हती. "भाटवे, शब्दात अडकू नका. पायी जा."

"काऊन? पवळ्या हाये ना."

"तो बैल नाही!"

"हळू बोल बे, त्याले वाईट वाटीन," असं म्हणून त्यांनी पत्रकाची घडी खिशात घातली आणि टांग मारली. मी काय केलं? मी पुढच्या माणसाला पत्रक दिलं.

उतारावरून सायकल सुटली. भाटव्यांचे हात मांडीवर. भाजीच्या रांगेशी आले तेव्हा त्यांचा 'हो हो हो' गुत्त्यापाशी माझ्यापर्यंत ऐकू आला. त्यात जरासुद्धा घाबरटपणा नव्हता. जुन्या नोकराला सांगावं तसं ते सांगत होते. गुंफाबाईने मान वर केली तेव्हा पुढचं चाक तिच्या टोपलीत होतं.

मी धावलो. भाटवे वांग्यांत बसले होते. गुंफाबाई मनगट पोटाशी धरून, दात आवळून बोलत होती, आणि दुखण्यानेही तिचं तोंड थांबलं नव्हतं. "अहो पाटील, खरा बैल घेऊन आले असते तं त्यानं माहे वांगे खाल्ले तरी असते! ह्या लोखंडाच्या मेल्यानं नुसते चेंदले! पानी कोन देईन आता माह्या मयाले? तुमची घंटी?"

भाटव्यांची नशा तिथेच उतरली. तिचा मळा एकटीचा होता. पौषातली वांगी मोटेच्या पाण्यावर जगतात, आणि मोडक्या हाताने मोट चालत नाही. हंगाम जाणार होता.

फौजदारांनी भाटव्यांना धरलं. अक्का माझ्याकडे आली. "भाऊ, तू पाह्यलं नाई असं सांग. त्यायचं नाव जाईन." मी सांगितलं, "अक्का, मी पाहिलं, आणि गुत्त्यातून निघतानाही पाहिलं. सगळं सांगणार." सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तालुक्याच्या कचेरीत भाटव्यांच्या वकिलाने मोठा रंग भरला. सायकलीला बैल नाही, घोडा नाही, इंजिन नाही. म्हणजे आरोपी काहीच हाकत नव्हता, असं त्याचं म्हणणं. मॅजिस्ट्रेटसाहेब चष्म्यावरून पाहत म्हणाले, "मग बाईच्या टोपलीत काय शिरलं, वारा?" रस्त्यावर नशेत स्वतःला सावरू न शकणाऱ्या माणसाला कायदा तो कशावर बसला होता हे विचारत नाही, असंही त्यांनी सुनावलं. तरी वकील हटेना. सायकल नवी, उतार मोठा, ब्रेक बिघडला असेल. सुटण्याची वाट अशी हळूहळू उघडत होती, आणि अक्काने कचेरीच्या दारातून हात जोडले होते.

तेवढ्यात भाटवे उठले.

"मालक, ब्रेक चांगला होता. त्याच्यावर आळ घेऊ नका. चूक माही हाये. बैलाले सोताचे डोये असते. याले डोये मालकाचेच. ते मी झाकून घेतले."

 वकिलाने कागद गोळा केले. माझी साक्ष घ्यायचीही गरज उरली नाही. दंड झाला आणि सायकल महिनाभर कचेरीत अटकेत राहिली. पहिल्याच आठवड्यात भाटवे तेलाची कुपी घेऊन तिथे हजर. "त्याचा काय गुन्हा, शिपाईदादा? त्याले सोडा, मले बांधा."

तो महिना आणि पुढचे दोन, भाटवे रोज पायी गुंफाबाईच्या मळ्यात जात आणि मोट हाकत. ती गळ्यात हात बांधून बांधावर बसे आणि हुकूम सोडी. भाटवे मोटेच्या बैलांना आपली सारी कहाणी सांगत आणि मधेच, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी, डोळे पुसत. ती ओरडे, "पाटील, रडा पन थारोयापासून दूर! पानी खारं झालं तं मेथी मरीन!" वांगी जगली. मनगट जुळलं, थोडं वाकडंच. चैत्रात तिने अक्काकडे भरिताची वांगी धाडली, आणि अक्का माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली.

भाटव्यांनी दारू सोडली असं लिहिता आलं असतं तर पत्रक फार शोभलं असतं. सोडली नाही. कमी झाली. पण प्यालेल्या दिवशी ते पुन्हा सायकलीवर बसले नाहीत. हँडल हातात धरून, बैल चालवत न्यावा तशी तिला नेत दोन कोस पायी घरी जात, आणि त्या दिवशी मी पत्रकं दगडाखाली ठेवून त्यांच्यासोबत चाले. वाटेत ते विहिरींना, झाडांना हाका मारत. मी भाषण करायचं विसरून जाई. इतकं सुख मला कुठल्याही सभेत लाभलं नाही.

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. सायकल माझ्याकडे आहे. गेल्या पोळ्याला तिला त्यांच्या दावणीला नेऊन बांधलं, तेव्हा त्यांनी चाचपत हँडलाला लोणी चोळलं आणि म्हणाले, "पुढारी, आता मले खराच पवळ्या पाह्यजे होता रे."  मी घंटी एकदा वाजवली, ते हसले.

म्हणून वाचकहो, हे वाचून घडी करून खिशात घालू नका. तसं एकाने केलं होतं, आणि देणाऱ्यानेही तेवढ्यावर भागवलं होतं. येत्या बाजारी तुमच्या गावच्या गुत्त्यासमोर जा. तिथे एक सायकल टेकवलेली असेल, आणि तिचा धनी तुमच्या ओळखीचा असेल. तो बाहेर येईस्तोवर थांबा. त्याला कागद देऊ नका. हँडलाला हात घाला आणि म्हणा, "चला, मी येतो पायी."

आणि खरंच जा.