ताईंचा रविवारचा उपास

आमची ख्रिस्ती मंडळी तेव्हा नेरुळमध्ये एका गादीवाल्याच्या दुकानावर भरायची. खाली कापसाच्या गाद्या, वर आम्ही. जिना इतका अरुंद आणि उभा होता की गादीवाल्याने वरच्या मजल्याचा नाद कधीच सोडून दिला होता. म्हाताऱ्या बायका कठडा धरून, मध्ये थांबून, "प्रभू, बळ दे" म्हणत चढायच्या. आम्हाला ते भक्तीचं लक्षण वाटायचं.

त्या जिन्यापायी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तसा मी बोलतोच कमी. मंडळीत मला 'शांत भाऊ' म्हणायचे, आणि शांत माणूस खोटं बोलत नाही असा लोकांचा उगाचच समज असतो.

ताईंचा नाक्यावर एसटीडी-पीसीओचा बूथ होता. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. हाताने पॅडल मारायच्या तीनचाकी सायकलवरून त्या सगळीकडे फिरायच्या. राहायला आमच्या हॉलच्या समोरच्याच सोसायटीत, तळमजल्यावर, आईबरोबर. मूळच्या नगरकडच्या, पिढीजात ख्रिस्ती. आमचे पाळकसाहेब एकदा त्यांच्या बूथवर फोन करायला गेले, तर ताईंनी विचारलं, "साहेब, तुमची गाणी दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. मी यायचं म्हटलं तर कुठून यायचं?"

पाळकसाहेब सरळ मनाचा माणूस. त्यांना भरून आलं. फोन करायचा राहूनच गेला.

पुढच्या रविवारी त्यांनी छप्पर उसकटून आजाऱ्याला येशूपुढे खाली सोडणाऱ्या चौघांवर प्रवचन केलं आणि शेवटी विचारलं, "आपल्यात असे चौघं आहेत का?" मी उभा राहिलो. का, ते आज सांगतो. मला गाता येत नव्हतं. मोठ्याने प्रार्थना करायची म्हटली की दुसऱ्या वाक्यालाच 'आमेन' म्हणून बसायचो. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळायचो आणि मंडळीत पंचांचा सेक्रेटरी होतो, म्हणजे सतरंज्या घालायचो. उचलणं मात्र मला जमण्यासारखं होतं.

पाळकसाहेबांच्या घरची लाकडी हातांची खुर्ची आणली, तिच्याखाली दोन बांबू बांधले आणि ताईंना बसवलं. पहिल्या दिवशी जिन्यात असा गोंधळ झाला की विचारू नका.

"पुढचे वाका! मागचे उचला!"

"अहो, भिंत, भिंत!"

"जरा तिरपं घ्या, तिरपं!"

"मी कपाट आहे का तिरपं घ्यायला?" ताई वरून म्हणाल्या. "चौघंही हुकूम देताय. उचलतंय कोण?"

वर पोचलो तेव्हा सगळी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. टाळ्या ताईंसाठी होत्या म्हणे. पण त्या आमच्याकडे बघून वाजत होत्या, हे आम्हा चौघांनाही कळलं होतं.

मग ते वाढतच गेलं. महिला मंडळाने आम्हाला निळ्या फिती शिवून दिल्या. त्यावर पांढऱ्या दोऱ्याने 'वाहक' असं भरलेलं. शनिवारी संध्याकाळी सराव सुरू झाला. सरावाला ताई नसायच्या, त्यांचा बूथ असायचा. त्यांच्या जागी आमचे खजिनदार बसायचे. ते ताईंच्या दुप्पट होते. एकदा वळणावर ते खुर्चीसकट कठड्यात असे अडकले की गादीवाल्याने खालून एक गादी आणून पायरीवर टाकली, पडलेच तर असावी म्हणून. बाकीचे पुरुष 'आम्हालाही सेवेची संधी हवी' म्हणून कुरकुरायला लागले. तळोज्याहून येणारा एक बंधू तर वाहक होता यावं म्हणून सकाळी दंड-बैठका काढायला लागला.

बायको म्हणाली, "घरात गॅसचा सिलिंडर सरकवायचा म्हटलं की तुमची कंबर धरते. रविवारीच बरी सुटते!"

"ती सेवा आहे," मी म्हणालो.

"आणि हा काय आहे? पिकनिक?"

उपासना झाली की वर चहा असायचा, मग पंचांची बैठक, मग आम्ही वाहक चहा पिऊन, फिती सारख्या करून, ताईंना खाली न्यायचो. तोवर दुपार व्हायची. ताई चहा घ्यायच्या नाहीत. पाणीसुद्धा नाही. एका बाईंनी आग्रह केला तर म्हणाल्या, "रविवारी मी घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत काही घेत नाही."

झालं. त्या बाईंनी ते पाळकीणबाईंना सांगितलं आणि पाळकीणबाईंनी साहेबांना. आमच्याकडे उपास-प्रार्थना शुक्रवारची, तीही दुपारी भजी खाऊन सुटणारी. रविवारचा निर्जळी उपास कुणी ऐकलाच नव्हता. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं, "आपल्या एका भगिनीने आपल्या दुर्बळतेत आपल्याला लाजवलं आहे." ताई काहीतरी बोलायला गेल्या, पण तेवढ्यात पेटी वाजायला लागली.

महिना दोन महिन्यांत निम्म्या बायका ताईंचा उपास करायला लागल्या. त्याला नावच पडलं तसं. "काय हो, तुम्ही ताईंचा धरलाय का?" "धरलाय की. पण मी गूळ-शेंगदाणे चालवते." मेच्या उकाड्यात, पंखे बंद, आणि खजिनदारीणबाई तिसऱ्या कडव्याला आडव्या झाल्या. त्यांना शुगर होती. एकच धांदल उडाली. खुर्ची मोकळी हवी म्हणून ताईंना उचलून सतरंजीवर बसवलं, खजिनदारीणबाईंना खुर्चीत घातलं आणि वाहक निघाले. माझ्या जागी तळोज्याचा बंधू घुसला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता.

सगळी मंडळी त्यांच्यामागे खाली गेली. वर ताई आणि मी.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही शांत आहात म्हणून तुम्हाला सांगते. मी उपास-बिपास करत नाही."

मी सतरंजीचं टोक सरळ करत राहिलो.

"पाणी प्यायलं तर जावं लागतं. इथून मला तुम्ही चौघं उचलाल तेव्हाच जाता येतं. चौघांना सांगू का, चला, मला लघवीला नेऊन आणा, फिती घालून? घर समोर आहे माझं. खाली असते तर सायकल मारून गेले असते आणि परत आले असते. म्हणून शनिवारी रात्रीपासूनच पाणी तोडते. डॉक्टर ओरडतो, मुतखडा झालाय म्हणतो. आता तर बायका माझ्यापायी चक्कर येऊन पडायला लागल्या. थांबवा हो हे."

त्याच सुमाराला गादीवाला गाळा सोडून चालला होता. जागेचा मालक इथल्याच गावचा, शेती गेल्यावर गाळे बांधलेला. त्याने स्वतःहून सांगितलं होतं, "तुमी खालीच या ना. वरती गोदाम करतो मी. कोन नको बोलतंय? तुमचा देव काय वरच्याच मजल्यावर र्‍हातो काय?"

"पंचांपुढे एवढं मांडा," ताई म्हणाल्या. "मला बाईमाणसाला त्या सगळ्यांसमोर बोलवत नाही. तुम्ही नीट सांगाल."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

पुढच्या रविवारी ताईंना घरी सोडून आल्यावर बैठक भरली. मालकाचा निरोप पाळकसाहेबांनी वाचून दाखवला आणि विचारलं, "काय करू या?" एक पंच म्हणाले, खाली धूळ येईल. दुसरे म्हणाले, रस्त्यावरून बैल येतात. मग खजिनदार, जे वाहकांचे प्रमुख झाले होते, दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "आणि सेवेचं काय? ताई आपापल्या यायला लागल्या, तर आम्ही काय करायचं?"

कुणीही हसलं नाही. उलट गंभीर चर्चा झाली. एकाने सुचवलं, खाली गेलो तर व्यासपीठ चांगलं कमरेएवढं उंच बांधू, आणि ताईंना तिथे उचलून ठेवू. म्हणजे सेवाही टिकेल.

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "शांत भाऊ, तुमचं ताईंशी बोलणं असतं. त्यांना वर यायचा काही त्रास होतो का?"

तोंड उघडायचं होतं फक्त. मी खिशातल्या फितीला हात लावला. खाली गेलो तर मी परत सतरंज्या घालणारा होणार होतो. मी म्हणालो, "नाही. त्यांची काही तक्रार नाही."

ठरलं. वरच राहायचं. शिवाय खुर्चीला नवी गादी, जाता जाता गादीवाल्याकडूनच.

संध्याकाळी बूथवर गेलो. ताईंनी कानाचा रिसीव्हर बाजूला धरला. मी म्हणालो, "सांगितलं. सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनाच पटलं नाही." आणि एवढ्यावर थांबावं की नाही? तर पुढे म्हणालो, "मी बोललो हे मात्र कुठे काढू नका. माझ्यावर चिडलेत ते."

"सगळं सांगितलं? पाण्याचंही?"

"हो."

"आणि तरी?" त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. "बरं."

पुढच्या रविवारी साक्षींच्या वेळी, म्हणजे ज्याला देवाचा अनुभव सांगायचा तो सांगतो तेव्हा, ताईंनी हात वर केला. पाळकसाहेब आनंदाने म्हणाले, "बोला, ताई, बोला!" ताई नव्या गादीवरून बोलल्या. जे मला सांगितलं तेच, त्याच शब्दांत, लघवीसकट. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकरवी पाठवलेल्या निरोपाचा उल्लेखही नाही. फक्त शेवटी म्हणाल्या, "बायांनो, पाणी प्या. माझ्या मुतखड्यात पुण्य शोधू नका."

खाली गादीवाला कापूस पिंजत होता, तो आवाज वर येत राहिला. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मग द्या ना गं कुणीतरी तांब्या, घसा सुकला माझा," आणि निम्म्या बायका एकदम उठल्या. कळशीपाशी रेटारेटी झाली. पाळकसाहेब तिथेच, प्रवचनाच्या पुलपिटाशी, रडायला लागले. "ताई, मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "देवाशपथ माहीत नव्हतं."

ताईंनी मान दुसरीकडे वळवली. त्यांच्या लेखी हा माणूस आठवडाभर सगळं जाणून होता आणि आता मंडळीसमोर शपथ घेऊन खोटं रडत होता.

दुसऱ्याच दिवशी पाळकसाहेब स्वतः मालकाकडे गेले. गाळा धुवायला स्वतः बसले, उंबऱ्याला सिमेंटचा उतार स्वतः उभं राहून करून घेतला. पंचांपैकी कुणी व्यासपीठाचा विषय काढला तर ते त्याच्यावर ओरडले. त्यांना ओरडताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

पहिला रविवार खाली. गीत चालू असताना ताई आल्या, आपल्या हाताने पॅडल मारत, उतारावरून थेट आत. सवयीने आम्ही चौघं वाहक उठून उभे राहिलो.

"बसा," ताई म्हणाल्या. "खाली बसा चौघं."

प्रवचनाच्या मध्येच त्या सायकल वळवून घरी गेल्या आणि परत आल्या. पाळकसाहेब दोन्ही वेळा बोलायचे थांबले. प्रवचनातून उठून गेलेल्या माणसाचं काय करायचं हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. एकाने भीत भीत 'आमेन' म्हटलं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब भरलेला तांब्या आणि पेला घेऊन ताईंपाशी गेले. "घ्या, ताई." ताईंनी हात पुढे केला नाही. पाळकसाहेब तसेच उभे. मंडळी बघत होती. मी बाजूलाच सतरंजी गुंडाळत होतो.

"भाऊ," ताई मला म्हणाल्या, "तुम्ही द्या."

मी पाळकसाहेबांच्या हातातून तांब्या-पेला घेतला. त्यांनी तो सोडला, आणि माझ्याकडे अशा कृतज्ञतेने बघितलं की जणू मी त्यांचं ओझं हलकं केलं. मी भरून दिलेला पेला ताई एका दमात प्यायल्या आणि आजूबाजूच्या बायकांना म्हणाल्या, "या मंडळीत माणूस म्हणावा असा हा एकच." मग पेला पुन्हा माझ्यापुढे धरला.

मी तो भरला.