उपासाची गोळी

तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, वरच्या मजल्यावर राहते हे तुम्हाला माहीत आहे. यंदा श्रावण संपता संपता तिला अन्न नकोसं झालं. सारखी तहान, मळमळ, पोट साफ नाही. एका सकाळी ती खाली आली ती औषधांचा डबाच घेऊन.

"वहिनी, हे सगळं कचऱ्यात. आणि हे बघा."

तिच्या मोबाईलवर पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ ओरडून सांगत होते, व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांनी किडनी जाते, आजच फेका. मी तो व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. गृहस्थ कोण, गोळी केवढी, कोणी किती दिवस घेतली, काहीच कळेना. शेवटी मात्र त्यांचा स्वतःचा काढा होता, घरपोच.

"बरं, पण ब्लडप्रेशरची का फेकतेस?"

"एक विष निघाली, दुसरीचा काय भरवसा?"

हे ऐकून मी घाबरले. ती गोळी सुटली असती तर भलतंच होऊन बसलं असतं. पण तिचा त्रासही काही खोटा नव्हता. म्हणून विचारलं, "डीची गोळी घेतेस कशी?"

"आठवड्यातून एकदा सांगितलीय. विसरायला नको म्हणून उपासाला जोडून टाकली. गुरुवारी, दुधाबरोबर."

"आणि आता?"

"आता चातुर्मासभर माझा रोजच उपास, तुम्हीच नाही का चिडवत होतात?" एवढं बोलून तिने डब्यातली डीची रिकामी पाकिटं मोजायला घेतली; रोज एक गोळी गेली होती.

गंगापूर रोडवरच्या आमच्या डॉक्टरांकडे लगेच गेलो. रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. ही गोळी अंगात साठून राहते, जास्तीची सहज बाहेर पडत नाही, असं ते म्हणाले. डी बंद, पाणी भरपूर, ब्लडप्रेशरची चालूच. किडनी सुदैवाने ठीक होती. पुढच्या तपासणीत कॅल्शियम उतरलं आणि बाईसाहेबांनी भगरीबरोबर दाण्याची आमटी मागून घेतली.

"म्हणजे व्हिडिओ खराच की!" ती म्हणाली.

"अगं, दोष गोळीचा नाही, रोज घेण्याचा. ते कुठे सांगितलं त्याने?"

"नसेल सांगितलं. पण तो आला नसता तर मी कार्तिकापर्यंत घेतच राहिले असते."

यावर तुम्हाला काही उत्तर सुचलं तर फोनवर सांगा, पण तिच्यादेखत नको.