आठवा भाग चौथ्यानंतर

प्रतिभा भिंतीला टेकून बसत नसे. आमच्या शेजारी राहायला येऊन तिला वर्ष होऊन गेलं, तरी मी तिला कधी टेकलेली पाहिली नव्हती. भाजी निवडायची ती उकिडवी, चहा प्यायची तीही उकिडवी. कुणी हाक मारली की लगेच उठता यावं, अशी. एकदा मी म्हटलं, "अगं, नीट बस की." तर म्हणाली, "नीट बसलं की उठवत नाही, काकू."

ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. शिरूरला आमच्या बाजूला तेव्हा नवी वस्ती होत होती. रस्ता झाला नव्हता, नळ आले होते, पण पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. प्रतिभाचा नवरा रविराज रांजणगावला कारखान्यात पाळीवर जायचा. त्याचं गाव निमोणे. वडील हरिबा तिकडंच शेत आणि राहिलेली थोडी शेरडं सांभाळून होते. आई सगुणाबाई मात्र मुलाकडे, कारण त्यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि डॉक्टर इथं जवळ. उजवी बाजू गेली होती. जिभेला काही झालं नव्हतं.

सगुणाबाईंनी अर्धा जन्म मेंढरांमागे चालण्यात घालवलेला. बसलेलं माणूस त्यांच्या डोळ्यांना खुपायचं. प्रतिभानं पदरानं तोंड पुसायला म्हणून जरा बूड टेकलं, की खाटेवरून आवाज यायचा, "बसलीस व्हय?" बास, एवढंच. त्यात शिवी नसायची, राग नसायचा. पण दिवसभर ते ऐकून ऐकून पोरगी आतून कुठंतरी सोलवटून निघाली होती. पहाटे नवऱ्याचा डबा, मग सासूला उठवणं, संडासला नेणं, तेल चोळणं, अंथरुणाची धुणी, मुलीला बालवाडीत पोचवणं नि आणणं, आणि यातून उरलेल्या वेळात लोकांच्या साड्यांना फॉल. दौंडची मुलगी. वडील रेल्वेत, घरात वाचायची सवय. बारावीला चांगले मार्क होते, असं तिनं मला सांगितलं ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं.

वाचनालयाचं कार्ड मी तिला माझ्या ओळखीनं काढून दिलं. पहिलंच पुस्तक तिनं आणलं ते 'अंधारकोट' मालिकेचा पहिला भाग. सूर्य कधीच उगवत नाही असा एक किल्ला, तिथं वाढलेला शौनक नावाचा पोरका तरुण, आणि सूर्य शोधायला निघालेल्या त्याला नदीपार नेणारा एकडोळ्या नावाडी. नऊ जाडजूड भाग. कॉलेजात असताना मी ते अधाशासारखे वाचले होते. आता वाचनालयातल्या प्रती जुन्या होऊन बाइंडिंगला गेल्या होत्या, आणि बाइंडिंगवाल्यानं सगळ्यांना लाल कापड लावून परत पाठवलं होतं.

त्या लाल कापडानं सगळं घडवलं. प्रतिभा पुस्तक घेऊन घरात शिरली आणि सगुणाबाईंनी खाटेवरूनच डावा हात कपाळाला लावला.

"पोथी आनलीस? बरं केलंस. डागदर म्हनत व्हता, मन रमवा. बस, वाच."

बस, असं सासूच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकलं. ती बसली, आणि वाचायला लागली.

पोथीचे नियम सगुणाबाईंना पाठ होते. अध्याय अर्ध्यात सोडायचा नाही, वाचणारीनं मधे उठायचं नाही, कुणी मधे हाक मारायची नाही. दुपारी मुलगी झोपली की वाचन सुरू व्हायचं. रविराज दुसऱ्या पाळीला निघायच्या घाईत असला, तरी पायांतले बूट हातात घेऊन गुपचूप बाहेर पडायचा. त्या वेळापुरतं प्रतिभाला कुणी काही सांगू शकत नव्हतं. पंखा बहुतेक बंदच असायचा, वीज गेलेली. पण ती बसलेली असायची.

पहिला भाग संपला तेव्हा ती माझ्याबरोबर वाचनालयात आली. काउंटरवर सोपानराव होते. ह्या मालिकेवरून त्यांचं नि माझं भांडण जुनं. आठव्या भागात लेखक मागं जातो आणि शौनकाच्या आईबापांची कथा सांगतो. सोपानरावांचं म्हणणं, घडलं त्या क्रमानं वाचावं, म्हणजे आठवा सगळ्यात आधी.

"आधी आजा, मग बाप, मग नातू," ते म्हणाले. "वहिनी, बारशाच्या आधी कुणी लग्नाची पत्रिका छापतं का?"

"लेखकानं तो सातानंतर लिहिला, तो काय आधी लिहायला विसरला म्हणून?" मी म्हटलं. "आधीच सगळं कळलं तर पुढं वाचायचं कशासाठी?"

"तुम्हाला कोडी आवडतात. मला गोष्ट आवडते."

प्रतिभा हातातली भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत उभी होती. आमचं संपायची तिनं वाट पाहिली आणि म्हणाली, "जास्त दिवस पुरेल तो क्रम सांगा ना."

"पानं तेवढीच गं, कुठूनही वाच," मी म्हटलं.

"तसं नाही काकू. आत्यांना गोष्टीचा कंटाळा आला तर वाचन बंद. हे तर म्हणतातच, पोथी झाली की दुपारचं शिलाईचं काम धर. शिक्रापूरचा माणूस कापलेले शर्ट घरपोच देतो. मशीनसुद्धा सांगून ठेवलंय. मी म्हटलं, पोथी संपेस्तोवर थांबा."

तेव्हा मला कळलं, की हिला नऊ भाग वाचायचे नाहीत, हिला नऊ भाग बसायचं आहे.  सोपानरावांनी दुसरा भाग काढून दिला.

दुसरा, तिसरा, चौथा असं ओळीनं चाललं. मी अधूनमधून जाऊन दाराशी बसायची. सगुणाबाई डोळे मिटून ऐकायच्या, पण नवं माणूस गोष्टीत आलं की एक डोळा उघडायच्या.

"ह्यो कुनाचा?"

"कळेल पुढं, आत्या."

"आन् ह्यो सवनक? त्याची आई कोन?" शौनक त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही.

"तेही पुढं कळेल."

"समदं पुढंच. चार पोथ्या झाल्या, पोराची कुळी न्हाई कळली. कुनाचा कोन ते ठाव न्हाई तर त्याच्यासाठी जीव कुटं टांगायचा मी? ऱ्हाऊ दे. झाकून ठेव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाच म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रतिभा माझ्याकडे आली, ओट्याशी उभी राहिली. फॉल अर्धा लावलेली साडी हातात.

"काकू, आत्ताच आठवा वाचला तर चालेल?"

"मधेच?" मला ते कसंसंच वाटलं. "पाचवा, सहावा, सातवा तसेच टाकून? तसं कुणीच वाचत नाही गं."

"त्यांना कुळी हवी आहे. कुळी आठव्यात आहे, तुम्हीच म्हणालात."

शिरूरच्या वाचनालयात आठवा भाग सापडेना. कुणीतरी नेलेला परत केला नव्हता. प्रतिभा म्हणाली, दौंडला तिच्या माहेरजवळच्या वाचनालयात आहे. सासूजवळ मी बसते असं सांगून मी तिला पाठवली. किती महिन्यांनी ती माहेरी गेली, आणि मुक्कामाला एक रात्र. सकाळच्या एस.टी.नं परत. मी विचारलं, आईनं काय काय केलं होतं जेवायला? तिला आठवेना. "मी बहुतेक झोपलेच होते," ती म्हणाली.

दौंडच्या प्रतीला लाल कापड नव्हतं. वर रंगीत चित्र, मोकळ्या केसांची राणी आणि तिच्यामागं पंखांचा साप. प्रतिभानं रस्त्यातच त्याला ब्लाउजपीसचं लाल कापड गुंडाळलं होतं. खाटेशी बसून ती ते उघडणार, तोच फडक्याच्या कडेतून डोकावणारा रंग बघून सगुणाबाई म्हणाल्या, "आतलं चित्र दाव."

दाखवावं लागलं. सगुणाबाईंनी ते निरखून पाहिलं, अगदी जनावर विकत घेताना बघावं तसं.

"बाई देखनी हाय," त्या म्हणाल्या. "पोराची आई व्हय ही?"

प्रतिभानं मान हलवली.

"ह्यात देव यायचा न्हाई, हे मला दुसऱ्या पोथीलाच कळलं. येडी न्हाई मी. पर ते फडकं गुंडाळ. नुसतं पुस्तक म्हनलं तर रव्या म्हनंल, बसून काय वाचताय." मग दाराशी बसलेल्या माझ्याकडे वळून, "आन् तुमी बाई, कुटं बोलू नगा."

आठव्या भागात कळतं, की एकडोळ्या नावाडी हाच शौनकाचा बाप. मी सातही भाग ते न कळता वाचले होते आणि ते कळल्यावर धक्का बसला होता. सोपानरावांनी आठवा आधी वाचून, ते माहीत असूनच बाकीचे वाचले होते. पण प्रतिभाच्या क्रमाची गंमत वेगळीच झाली. आठवा संपवून ती पाचव्यावर आली, तेव्हा शौनक त्याच नावेत बसून नावाड्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होता. त्याला काही माहीत नाही, नावाडी तोंड उघडत नाही, आणि इकडे खाटेवर सगुणाबाईंना सगळं माहीत.

"आरं, बाप हाय त्यो तुजा, कुनाशी बोलतोस," त्या म्हणायच्या. डावा हात खाटेच्या कडेवर आपटायच्या. "आन् ह्यो बी मुडदा बोलत न्हाई."

"तो बोलला तर गोष्ट संपेल, आत्या."

"मग नगं. ऱ्हाऊ दे गप."

मी सोपानरावांना हे सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मीही असंच वाचीन. चारानंतर आठवा." मी कबूल केलं नाही, पण मनात तेच होतं.

पाचवा, सहावा, सातवा संपला. उरला नववा. प्रतिभा हळू वाचायला लागली. एकच वाक्य दोनदा वाचायची. पान संपलं तरी उलटायची नाही, बोट तसंच कडेवर ठेवून बसायची. रविराजनं शिलाईमशीन आणून दाराच्या आड ठेवलं होतं, वर चादर टाकून. घरात शिरलं की आधी तेच दिसायचं.

नवव्याची थोडीच पानं राहिली, तेव्हा सगुणाबाई मला म्हणाल्या, "बाई, उंद्या येताना पयली पोथी घिऊन या. लाल." 

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा शेवटचा अध्याय चालू होता. अंधारकोटावर सूर्य उगवतो, नावाडी नाव काठाला बांधतो, असा शेवट. प्रतिभानं वाचलं, पुस्तक मिटलं, आणि सवयीनं एक गुडघा वर घेतला. उठायला.

"कुटं निघालीस?" सगुणाबाई म्हणाल्या.

"संपलं, आत्या."

"संपल्यावर पयला अध्याय लावून ठिवायचा असतो. पोथी अशी संपवून उठायची न्हाई. दौंडला शिकिवलं न्हाई तुला?"

मी पिशवीतून पहिला भाग काढून दिला. प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"पहिलाच लावू, का आठवा आधी? घडलं त्या क्रमानं म्हटलं तर..."

"कंचा बी लाव. टेकून बस आन् वाच."

ती टेकली. भिंतीला पाठ लागली तशी ती किंचित दचकली, गार लागल्यासारखी. मग वाचायला लागली. अंधारकोटात सूर्य कधी उगवत नसे. लोक वासावरून एकमेकांना ओळखत. पानाच्या तळाशी येईपर्यंत तिचा आवाज जड झाला, एक शब्द अर्धा राहिला, आणि मान कलली. पुस्तक मांडीवरून घसरायला लागलं. सगुणाबाईंनी डावा हात लांब करून ते पकडलं, पान जाऊ नये म्हणून आत अंगठा घातला, आणि तसाच धरून ठेवला. वजन होतं त्याला. 

मी घ्यायला पुढं झाले तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

तेवढ्यात बाहेर गल्लीत आरडाओरडा झाला. पाणी आलं होतं. भांड्यांचे आवाज, पोरांची पळापळ. कुणीतरी दारातून डोकावून हाक मारली, "प्रतिभा, अगं ए, पाणी."

"तिला उठवू नगा," सगुणाबाई मला हळू आवाजात म्हणाल्या. "तिचं पानी आज तुमी भरा. पोथी चालू हाय."

मी पदर खोचला. चादरीखालच्या मशीनला वळसा घालून त्यांचे हंडे घेतले, आणि नळाला नंबर लावला. भरताना माझ्याच कमरेत कळ आली. परत आले, तेव्हा दोघी तशाच होत्या.