आल्गोटचा तळहात

आमच्या कारखान्यातला प्रत्येक ट्रॅक्टर शेतावर जायच्या आधी आल्गोट फ्रीडलुंडच्या हाताखालून जाई. मी शेजारीच रंगकाम करायचो. अख्ख्या स्वीडनमध्ये असा टेस्टर शोधून सापडला नसता, आणि हे मी दोस्तीखातर म्हणत नाही.

त्या इंजिनांना पुढे लोखंडी गोळा असे. तो लाल होईस्तोवर तापवायचा, मग इंजिन सुरू करायला जड चाकाला हाताने झोका द्यायचा. चौदा वर्षं ती धडधड ऐकून आल्गोटचे कान गेले. बहिऱ्याला टेस्टिंगवर ठेवायचं नाही, असा नियम होता, म्हणून त्याने कोणाला कळू दिलं नाही. इंजिनावर तळहात टेकून तो त्याचं दुखणं ओळखायचा, आणि माणसांचं बोलणं ओठांवरून. जेवणाचा भोंगा झाला की मी सहज गेल्यासारखा जाऊन त्याच्या खांद्यावर थाप मारायचो. मला वाटे, त्याला सांभाळणारा मी एकटाच.

चोवीस साली पेरणीआधी शेतकरी नवा ट्रॅक्टर बघायला आले. मॅनेजर हेलक्विस्टसाहेबांनी हौसेने स्वतः चाकाला झोका दिला. इंजिन धडधडलं, साहेब वर चढले. पण या इंजिनांची एक खोड होती. कधी कधी ती उलटी सुरू होत. मग पुढचा गिअर टाकला की ट्रॅक्टर मागे जाई. आवाज तोच, आणि वेगात चाकाची दिशा डोळ्यांना कळत नाही. ट्रॅक्टरच्या अगदी मागे कॉफी घेऊन बायका उभ्या होत्या, त्यांत आल्गोटची बायको टेकलाही.

आल्गोटने सवयीने तळहात टेकला, हाताला उलटा धक्का जाणवला आणि त्याने झटकन इंजिनाचं तेल बंद केलं. मंदावणारं चाक उलटं फिरताना सगळ्यांना दिसलं.

"आवाज तर ठीक होता," एक शेतकरी त्याच्याकडे बघत म्हणाला. "तुझ्या कानांना काय वेगळं ऐकू आलं?"

आल्गोटची नजर त्याच्या ओठांवरून टेकलाकडे गेली. खोटं बोलायची ताकद उरली नसावी.

"काही नाही. चार वर्षं मला ऐकूच येत नाही."

साहेब खाली उतरले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "माहीत आहे. म्हणून तर मी असा समोर येऊन बोलतो. उद्या वेळेवर ये."

बघायला जमलेले ओतशाळेतले लोक माना खाली घालून हसू लागले. तेही समोर येऊनच बोलत. स्टोअरवालाही.

आल्गोट एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मला वाटायचं, तुम्ही लोक सभ्य झालात," तो म्हणाला, आणि टेकलाच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.