मातीची वेळ

आमच्याकडे लेकीला बापाच्या मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. ‘तब्येत जरा जास्त आहे, निघून ये,’ एवढंच सांगतात. मग ती एसटीत बसते, घरी पोचते, दारात बायका बसलेल्या दिसतात आणि कुणीतरी आत्या-मावशी तिला पोटाशी धरून सांगते. सांगणारीला ठाऊक असतं, ऐकणारीलाही निम्मंअर्धं कळलेलं असतं, तरी हे नाटक सगळे मनापासून करतात. वाटेत, परक्या माणसांत पोरीवर एकटीनं रडायची वेळ येऊ नये, इतकाच त्यामागचा हेतू. मला हा प्रकार कित्येक वर्षं खुळचटपणाचा वाटत आला. बातमी आहे ना, मग सांगा की सरळ, असं माझं म्हणणं असायचं. मी बातम्यांच्या धंद्यातली होते ना!

धंदा हा शब्द जरा जास्तच झाला. मोडनिंब आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या बातम्यांची एक वेबसाइट मी चालवते. लग्नाआधी गावातच सुरू केली आणि लग्नानंतर संसारासोबत सोलापुरात, भवानी पेठेत घेऊन आले. नळाला पाणी कधी येणार, वीज कुठल्या भागात बंद राहणार, यात्रेतल्या कुस्त्या कोणी मारल्या, कोणाची म्हैस हरवली, अशा बातम्या. एक म्हैस माझ्या बातमीमुळे सापडली, तेव्हा मालकानं फोन गोठ्यात नेऊन मला तिचं हंबरणं ऐकवलं होतं. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तो संध्याकाळी सायकल लावता लावता विचारायचा, ‘काय संपादक, आज गावात काय पेटवलं?’

पण खरं सांगायचं तर साइट चालायची ती निधनाच्या बातम्यांवर. पुण्या-मुंबईला गेलेली आमची माणसं सकाळच्या चहाबरोबर आधी तेच पान उघडतात. कोण गेलं आणि माती किती वाजता, एवढंच त्यांना हवं असतं. माती म्हणजे अंत्यविधी. मातीला जाणं आमच्याकडे लग्नाला जाण्यापेक्षा मोठं. लग्न चुकलं तर माणूस हसून सोडून देतो, माती चुकली तर मनात धरतो. त्यामुळे मेसेज आला की मी हातातलं पीठ धुऊन आधी बातमी टाकायचे. साइटवर आलं म्हणजे खरं आणि साइटवर नाही म्हणजे अफवा, इतपत लोकांचा विश्वास बसला होता. त्याचा मला गर्व होता, नाही कशाला म्हणू?

त्या विश्वासातला निम्मा वाटा अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे वडील. गावात त्यांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीत दळणाच्या डब्याबरोबर गावची खबर यायचीच. निधनाचा मेसेज आला की खात्रीसाठी मी त्यांना फोन लावायचे. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून ते ओरडायचे, ‘व्हय, खरं हाय. टाक तू. मी आता तितंच निगालोय.’ मग गिरणी बंद करून, अंगावरचं पीठ झटकून ते मातीला जायचे. आजूबाजूच्या गावातलीसुद्धा माती त्यांनी कधी चुकवली नाही. मला चिडवायचे, ‘माणूस मेल्याबिगर तुज्या साइटीवर चढतच न्हाय व्हय गं? जित्या माणसाचं बी टाकत जा की कायतरी.’

आई गेल्यावर घरात ते आणि त्यांची विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या, असे दोघेच. थोरली ताई पुण्याला, मी सोलापुरात. सोलापूरहून मोडनिंब काही लांब नाही, महामार्गाला लागलं की मोहोळ आणि मग आपलं गाव. तरी माझं जाणं व्हायचं नाही. ‘कवा येतीस?’ असं अण्णांनी विचारलं की मी म्हणायचे, ‘रोज तर बोलतो आपण.’ आणि बोलायचो ते काय, तर कोण गेलं आणि माती किती वाजता. त्यांचं गुडघ्याचं दुखणं, जेवण तुटलेलं, गिरणी दुपारीच बंद व्हायला लागलेली, हे मी विचारलंच नाही. सगळ्या गावाची विचारपूस करणारी बाई मी, माझ्याच बापाची करायची राहिली. याची रुखरुख आता जन्मभराची आहे.

त्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. आवाज अगदी घोटून बेतलेला. ‘अण्णाची तब्येत जरा जास्त हाय. काळजीचं काय न्हाय, पर निगून ये तू.’ काळजीचं काही नाही म्हणाली, तिथेच मला शंका आली. पण खुळचट म्हणून ज्या वाक्याला इतकी वर्षं हसले, त्याच वाक्याला मी घट्ट धरलं. जास्त आहे म्हणजे आहेत की अजून! नवऱ्याला कारखान्यात निरोप दिला, शेजारणीकडे मुलं सोपवली आणि स्टँडवर जाऊन पुण्याच्या गाडीत बसले.

मोहोळच्या अलीकडे माझ्याजवळचा दुसरा फोन वाजला. साइटचा नंबर त्या फोनवर आहे, बातम्या त्यावर येतात. सवयीनं उघडला. चुलत भावाचा मेसेज होता. वर अण्णांचा फोटो, कुठल्या तरी लग्नातला, फेट्यातला. खाली लिहिलं होतं, ‘मा. संपादक, आमचे चुलते अण्णा यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. अंत्यविधी सायंकाळी पाच वाजता गावातील स्मशानभूमीत. कृपया लवकर प्रसिद्ध करावे.’

बिचाऱ्याची काय चूक? गावात माणूस गेलं की डॉक्टरला बोलवावं, सरपण सांगावं, तसा साइटला मेसेज करावा, अशी रीतच पडली होती आणि भावकीतलं हे काम नेहमी त्याच्याकडे असायचं. ते त्यानं हातासरशी उरकलं. घरातल्या झाडून सगळ्यांना त्यानंच बजावलं असणार, की पोरींना वाटेत कळू द्यायचं नाही. आणि ‘संपादक’ म्हणजे त्या पोरींमधलीच एक, हे मात्र त्या घाईत त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

माझा अंगठा आपोआप अण्णांच्या नंबराकडे गेला. खात्री करायला. इतक्या वर्षांची सवय. नंबर लावलाही असता, पण मध्येच भानावर आले आणि मग मला काही सुधरेना. शेजारी एक म्हातारी होती, तिनं हातातला चिवडा पुढे केला. मी मान हलवली, पदर तोंडाशी धरला आणि खिडकीकडे वळले. रडायचीसुद्धा लाज वाटत होती. किती लेकींनी माझी साइट उघडून असंच खिडकीकडे तोंड वळवलं असेल, कोणास ठाऊक. मी तर घाईनं, हात धुऊन बातम्या टाकत होते.

पुन्हा फोन बघितला तर मेसेजच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच उरलं होतं. म्हणजे त्याच्या ध्यानात आलं होतं. मी वाचलंय की नाही, हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आजवर त्या विषयावर आम्ही दोघं एक अक्षर बोललेलो नाही.

आता बातमी टाकायची की नाही, ते माझ्या एकटीच्या हातात होतं. टाकली तर अण्णांचे सोबती, गिऱ्हाइकं, त्यांनी ज्यांच्या घरच्या मातीला खांदा दिला ती सगळी माणसं पाचपर्यंत येऊ शकली असती. पण पुण्याकडून ताईही निघाली होती. तिलाही ‘तब्येत जास्त’ असंच सांगितलेलं. भावजींना सुट्टी मिळेना म्हणून एकटीच होती. आणि ताई दिवसातून दहादा साइट उघडणारी. माझं आत्ता जे झालं, तेच तिचं होणार. मी मनात म्हटलं, मला कळलं ते कळलं, निदान तिला तरी घरच्या मिठीत कळू दे. आणि साइट सुरू केल्यापासून पहिल्यांदा मी एक निधनाची बातमी दाबून ठेवली.

थोड्या वेळानं ताईचाच फोन आला. ‘काय कळलं का गं तुला?’

‘न्हाय बाई, मी बी अजून गाडीतच हाय,’ मी म्हणाले. कधी नव्हे ते गावच्या बोलीत बोलले. इतकं सफाईदार खोटं मला बोलता येतं, हे मलाच नवीन होतं.

घरी पोचले तेव्हा दारात बायका होत्या. आत्या उठून पुढे आली, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘तुज्या बापानं लई वाट बगितली गं.’ सकाळपासून मनात जुळवून ठेवलेलं ते वाक्य तिला माझ्यापाशी बोलू द्यायचं होतं, म्हणून मी काहीच माहीत नसल्यासारखी आले होते. पण वाक्य पुरं झालं आणि माझं सगळं सोंग गळून पडलं. बसमध्ये आवळून धरलेलं सगळं बाहेर आलं. ही जुनी रीत कशासाठी आहे, ते मला त्या दारात कळलं.

लेकी आल्याशिवाय उचलायचं नाही, म्हणून सगळे ताईसाठी थांबले. तिला आणायला मी स्वतः फाट्यावर गेले. ती खाली उतरली आणि काही बोलायच्या आत माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, चला, हे एक तरी नीट झालं.

मातीला माणसं थोडी होती. गल्लीतले, भावकीतले, गिरणीशेजारचे दुकानदार. अण्णांनी आयुष्यभर कमावलेली माणसं एवढीच नव्हती. लाकडं रचून झाल्यावर चुलत भाऊ रस्त्याकडे दोनदा जाऊन आला, कोणी येतंय का बघायला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘चला, उरकून घेऊ.’ मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे एक म्हातारे सोबती काठी टेकत आले. अण्णा आणि ते, दोघं जोडीनं मातीला जायचे. ओसरीवर बसले, पाणीही घेतलं नाही. म्हणाले, ‘त्या दिशी दुपारीच एकानं सांगितलं मला. मी म्हनलं, छ्या, तसं असतं तर पोरीनं साइटीवर टाकलं असतं की. त्याला येड्यात काढलं मी. मातीला तर येऊ द्यायचं व्हतं बाई. तोंड बगितलं असतं.’ मी त्यांचे पाय धरले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण क्षणभरच, आणि उठून गेले. त्यांनी मनात धरलंय हे मला कळतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं आहे असं मला वाटत नाही.

ते गेल्यावर ताई माझ्याजवळ येऊन बसली. माझी समजूत घालेल असं वाटलं. मीच घाईघाईनं बोलून टाकलं, की मला गाडीतच कळलं होतं, मेसेज आला होता, पण तुला वाटेत कळू नये म्हणून मी बातमी टाकली नाही. अण्णांची माणसं चुकली ती तुझ्यापायी चुकली, असंच जवळजवळ सांगितलं. आभाराची अपेक्षा होती बहुतेक.

 ताई म्हणाली, ‘आत्याच्या फोनवर माझा इस्वास न्हवता. मोठी लेक हाय मी, मला कळतं की, असा फोन कवा येतो ते. तुझ्या बी फोनवर न्हवता. तू खोटं बोलणार हे म्हाईत व्हतं मला. पर साइटीवर तू कवाच मागंपुढं करत न्हाईस. म्हणून पुण्यापासनं दर थांब्याला उगडून बगत व्हते. बातमी न्हवती. मी म्हनलं, आत्या येडी हाय, अण्णा हायेत. निम्म्या वाटेत जीव भांड्यात पडला माझा. इंदापूरला गाडी थांबली तर खाली उतरून त्यांच्यासाठी पेरू घेतले. दात न्हाईत त्यांना, म्हणून मऊ बगून बगून घेतले. तितनं फुडं सगळी वाट एकच काळजी, की आजारी माणसाला पेरू चालत्यात का.’

मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

‘फाट्यावर तुझं तोंड बगितलं,’ ती म्हणाली, ‘आनी पिशवी गाडीतच राहिली.’