गोंधळाला इंग्रजीत काय म्हणतात?

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बंद घरात धूळ साचते तसे ते साचतात. आणि परदेशातलं आमचं उपनगर, ट्रुगानिना, त्या लॉकडाऊनमध्ये पुरतं बंद होतं! आम्ही दोन मराठी घरं, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण भेटायचं रविवारी स्क्रीनवर. बोलायला नवीन काय असणार? कुणाचं काय बिघडलं, एवढंच. आणि बिघडण्याला इथल्या लोकांकडे शब्द तरी किती!

*

पहिला मान माझा. एका वेअरहाऊसचं शिफ्ट प्लॅनिंग मी घरून करायचो. मीटिंगमध्ये मॅनेजरबाई वैतागून म्हणाली, "द रोस्टर इज इन अ शॅम्बल्स!" मी "येस, येस" म्हटलं आणि 'शॅम्बल्स' नावाचा फोल्डर शोधायला लागलो. शॅम्बल्स म्हणजे पुरता बोजवारा, हे मला कुठे ठाऊक! फोल्डर सापडेना. शेवटी तिला मेसेज टाकला, "मला शॅम्बल्सचा ॲक्सेस नाहीये."

तिचं उत्तर आलं, "मेट, यू आर ऑलरेडी इन इट!"

पुढे तिची नोकरी गेली. मग माझी.

*

शेजारचा संदीप पुण्याचा इंजिनिअर. त्याच्या डिझाइनचा विचका बघून बॉस म्हणाला, "धिस इज अ डॉग्ज ब्रेकफास्ट." संदीपला अर्थ लागेना. रविवारी त्याने आम्हालाच विचारलं, "कुत्र्याचा नाश्ता म्हणजे चांगलं की वाईट रे? कारण इथल्या कुत्र्यांचा थाट आपल्यापेक्षा बरा आहे!"

त्याची बायको केतकी मागून म्हणाली, "निदान त्यांना रोज बाहेर तरी नेतात!"

हसलो सगळे. केतकी मात्र हसली नव्हती.

*

माझी बायको मृणाल वृद्धाश्रमात कामाला. तोंडावर मास्क, त्यावर शील्ड, काही धड ऐकू येत नसे. एक आजी तिला म्हणाल्या, "इट्स ऑल गॉन पेअर-शेप्ड, लव्ह." मृणालला 'पेअर' तेवढं कळलं. ती किचनमधून पेअर घेऊन आली, सोलून, फोडी करून भरवलं. आजींनी मुकाट्याने सगळं संपवलं.

नंतर सिनिअर नर्सने सांगितलं, त्याचा अर्थ सगळं विस्कटलं. मुलाला भेटायला येऊ देणार नाहीत, हे आजींना त्याच सकाळी कळलं होतं.

मृणाल दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणायला गेली. आजी म्हणाल्या, "नो वरीज. तू निदान काहीतरी आणलंस!"

*

केतकीचे वडील, आप्पा, परभणीहून नातीला, इराला, बघायला आले आणि सीमा बंद झाल्यावर इथेच अडकले. केतकीच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून ती मागेच राहिली होती. आप्पा दिवसभर इराच्या ऑनलाइन शाळेत शेजारी बसायचे. एकदा स्क्रीनवर शब्द आला, सी-एच-ए-ओ-एस. आप्पा खूश! "चाऊस! आमच्या गल्लीत होते की चाऊस. फार भली माणसं!"

इरा म्हणाली, "नो आप्पा, इट्स केऑस. इट मीन्स एव्हरीथिंग इज अ मेस."

"मग चाऊसांचं नाव कशाला खराब करतात?"

*

आणि मग ती बातमी आली. केतकीची आई ताप येऊन, दवाखान्यात दोन दिवस काढून गेली. आप्पांचं तिकीट तोवर कितीदा निघालं, कितीदा रद्द झालं. आता निघालं असतं तरी वेळेत पोचणं नव्हतंच.

आप्पांच्या भाच्याने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. इथे संध्याकाळ होत आली होती. आप्पा धुतलेलं धोतर नेसून टॅबसमोर बसले. केतकी त्यांच्या खांद्याला धरून, संदीप मागे उभा. मी आणि मृणाल आमच्या घरून त्याच कॉलवर. भाच्याने घाईत फोन कसा धरला होता, कोण जाणे, पण चित्र उलटं आलं. जमीन वर, आभाळ खाली, माणसं डोक्यावर उभी. मधे पांढरं गुंडाळलेलं.

"आप्पा, इट्स अपसाइड डाउन!" म्हणत इराने टॅब फिरवला. टॅब फिरला तसं चित्रही फिरलं. माणसं पुन्हा उलटीच. तिने परत फिरवला. परत तेच. ती रडकुंडीला आली.

तिकडून भाचा ओरडला, "आप्पा, दिसतंय का? नीट दिसतंय का?"

आप्पांनी इराचा हात हळूच धरला आणि टॅबवरून बाजूला केला.

"राहू दे बाळा," ते म्हणाले. मग स्क्रीनकडे बघून मोठ्याने, "दिसतंय रे. बरोबर दिसतंय."