बंदराच्या उतारावर कासरा कोणाच्या हातात होता

हे मी कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. ती गेली, आणि हे न कळताच गेली. देवापुढे तरी बोललो का? नारळ फोडला, घंटा वाजवली, तोंड मिटून घरी आलो. वीस-बावीस वर्षं हेच केलं. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीची माणसं मला मान देतात. त्यांना सांगायला गेलो तर म्हणतील, मुकादमाला म्हातारपण लागलं — आणि चिलीम पुढे करतील. तोंडानं सांगितलेलं असं हसण्यावारी नेता येतं. छापलेलं तसं नेता येत नाही, म्हणून हे छापायला देतो आहे.

शाळा माझी चार महिन्यांची. मालघरातल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते कोणा कारकुनाला विचारायला लागू नये, एवढ्यासाठी अक्षरं शिकलो. विचारणं मला कधीच जमलं नाही. चुका दिसतील. दिसोत.

मी ठाकुर्लीचा. धंदा गाडीवानाचा. कल्याणच्या अड्ड्यावर माझी बैलगाडी तीस वर्षं लागली. टिटवाळा, खडवलीकडचं भात यायचं, ते बंदरावर न्यायचं; बंदरावरून कौलं, मीठ, चुना वर आणायचा. आगगाडी आली तेव्हा लोक म्हणाले, बैलगाडी संपली. काही संपली नाही. आगगाडी काय कोणाच्या दारात जाते?

आता बंदराचा उतार. वरती एक चिंच आहे, तिथून रस्ता खाली सुटतो, मध्ये एक वळण आहे, आणि वळणापलीकडे काय आहे ते वरून दिसत नाही. भरली गाडी या उतारावर बैल ओढत नाहीत. गाडीच बैलांना ढकलते. म्हणून चिंचेखाली थांबायचं, एका चाकाला साखळीनं लाकडाचा ओंडका बांधायचा — म्हणजे ते चाक फिरत नाही, घसरत जातं — आणि मग कासरा आवळून सावकाश उतरायचं. शुद्धीतल्या माणसाला काही कठीण नाही. पण उताराच्या अलीकडेच ताडीचं दुकान. सकाळची गोड असते म्हणून एक लोटा, दुपारची आंबट म्हणून दुसरा. एकदा खडवलीच्या एका गाडीवानानं अशी भरल्या पोटी गाडी सोडली आणि दोन्ही बैलांचे पाय मोडले. त्या जनावरांचा आवाज मी ऐकलेला आहे. त्या दिवशी मी अड्ड्यावर उभा राहून बोललो, की प्यालेल्या माणसाच्या हाती कासरा द्यायचा नाही. कोणी का असेना.

नियम मीच घातला. तो पाळायचा कसा, तेही मीच काढलं. चिंचेखाली गाडी थांबली की गाडीवानानं खाली उतरायचं, मुकादमाच्या तोंडावर श्वास सोडायचा. मग बैलांच्या मानेवरच्या जुवातल्या दोन शिवळा — त्या लाकडी खुंट्या — काढायच्या आणि जुवाकडे न बघता परत घालायच्या. वास आला किंवा शिवळ चुकली, की बैल सोडायचे. दंड नाही, मार नाही. नुसतं तिन्हीसांजेपर्यंत चिंचेखाली बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. आणि तो मुकादम कोण? मीच.

सुरुवातीला शिव्या खाल्ल्या. एक जण म्हणाला, “मुकादम, सकाळची ताडी म्हंजे शेळीचं दूध हो!”

मी म्हणालो, “मग शेळीच जुंप गाडीला. तू बस खाली.”

मिठागरावर काम करणारी सोनी म्हणून एक बाई होती, विधवा, चाळिशीची, जिभेनं तिखट. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन रोज तो उतार चढायची. मला बघितलं की मुद्दाम मोठ्यानं विचारायची, “मुकादम, बैलांचा पण वास घेतोस काय रे? का माणसांचाच आवडतो?” सगळा अड्डा हसायचा. मीही हसायचो. उतारावर त्यानंतर पाच वर्षं कोणाला खरचटलं नाही. पाच वर्षं! ते माझ्यामुळे. हे मी आजही ताठ मानेनं म्हणतो, आणि म्हणतानाच स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

कारण मुकादमाचा वास कोण घेणार?

ताडीला वास असतो. अफूला नसतो. कंबर धरली होती माझी, पोती उचलून उचलून. कोणी सांगितलं, हरभऱ्याएवढी गोळी घे. घेतली. मग दुखत नव्हतं तेव्हाही घेतली. — तुम्ही आता म्हणाल, दुखण्यापायी घेतली बिचाऱ्यानं. म्हणू नका. मला बिचारा म्हणायचं नाही. हाताखालच्या माणसाला एका लोट्यासाठी दिवसभर उन्हात बसवणारा मी, रोज जेवल्यावर गोळी जिभेखाली ठेवून गाडीवर चढत होतो. शिवळा? वीस वर्षं घातलेल्या शिवळा हात झोपेतही घालतात. मी काढलेल्या परीक्षेत मीच कधी सापडलो नसतो. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, आणि बरं वाटत होतं.

आता पांडू.

पांडू टिटवाळ्याकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. उंच, हळू बोलणारा. पिणारा नव्हे, कोणाचं लग्न, कोणाची हळद, तेवढंच. त्या दिवशी दुपारी त्याची गाडी सगळ्यांत शेवटी आली. बाकीच्या उतरून गेल्या होत्या. चिंचेखाली मी एकटा. त्याच्या गाडीत भाताची पोती, वरपर्यंत. गाडी थांबवून तो खाली उतरला आणि मी तोंड पुढे करायच्या आधीच म्हणाला,

“दादा, मेव्हण्याकडं हळद होती. घेतलीय मी. खोटं नाय बोलणार. बैल सोडतो.”

ऐकलंत? मी पकडला नव्हता त्याला. आपण होऊन बोलला. माझा नियम माझ्यापेक्षा त्यानं पाळला.

मला काय झालं? मोठेपणा आला. बंदरावर होडी भातासाठी खोळंबली होती. म्हणालो, “सोडू नको. तू चालत ये मागनं. तुझी गाडी मी उतरवतो.” आणि चढलो. गोळी घेऊन घटका झाली असेल. ऊन होतं, पण मला ते गोड लागत होतं. तुम्हाला अफू माहीत नसेल तर सांगतो — ताडीत माणूस ओरडतो, पडतो, लोकांना दिसतो. अफूत काही होत नाही. फक्त सगळ्या गोष्टींबद्दल वाटतं, काय घाई आहे, काय गरज आहे.

पांडू चाकाशी उभा होता. साखळी हातात घेऊन म्हणाला, “मुकादम, लाकूड बांधायचं ऱ्हायलं.”

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “दारुड्यानं मला शिकवू नये.”

आणि बैल हाकले.

वळणापर्यंत गाडीनं वेग घेतला होता. मला तो दिसत होता. कळत होता असं म्हणता येणार नाही. कासरा हातात होता आणि हात मांडीवर. बैल मागे रेटून बघत होते, जू त्यांच्या मानांवरून पुढे सरकत होतं. मी गाडीवर होतो हेच लोकांना पुढे कधी सांगितलं नाही, पण मनाशी मी वर्षानुवर्षं म्हणत आलो, की वळणावर धक्का बसला आणि मी पडलो. खोटं आहे. पडलो नाही. जाग आली, वळणापलीकडे काय येणार ते दिसलं आणि मी उडी मारली. कासरा सोडून उडी मारली.

पांडूनं मात्र उडी मारली ती गाडीवर. मागून धावत आला, पोत्यांवर चढला, पुढे गेला, कासरा खेचला, आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “बाजूला हो गो! बाजूला हो!” मी ओरडलो नव्हतो. प्यालेला माणूस ओरडला.

सोनी पाटी घेऊन वर येत होती. ती रस्त्याकडेच्या भिंतीला सरकली, आणि गाडी त्याच बाजूला कलली; मध्ये ती सापडली.

बंदरावरची माणसं धावून आली. त्यांनी काय बघितलं? पांडूची गाडी. पांडूचे बैल. पांडूच्या हातात कासरा. आणि वरून, धूळ झटकत, चालत येणारा मुकादम. सोनी अजून जिवंत होती. बायकांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. लोकांनी पांडूला खाली खेचलं. एकानं गचांडी धरली. तो काय बोलला? हातही वर केला नाही त्यानं. माझ्याकडे बघून म्हणाला,

“मुकादमांना इचारा. ते सांगतील.”

त्याला खात्री होती, मी सांगणार. पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझी अफू कुठल्या कुठे उतरली होती. तेव्हा मी पुरता शुद्धीत होतो, हेही लिहून ठेवा. आणि मी म्हणालो —

“त्याचा वास घ्या.”

एवढंच. घेतला त्यांनी. आला वास. मीच शिकवलं होतं ना त्यांना, ज्याच्या तोंडाला वास तो गुन्हेगार! कोणाला दुसरं काही विचारायची गरजच उरली नाही. सोनी दिवस मावळायच्या आत गेली.

गाडी मी हाकत होतो. सोनीला मी मारलं. पांडूनं नाही. मी.

पुढे कचेरीत साहेबापुढे उभं केलं, तेव्हा शपथेवर म्हणालो, की मी चिंचेखाली होतो, पांडूनं नियम मोडून गाडी सोडली. हे दुसरं खोटं. पहिल्याच्या वेळी निदान दमलेलो, घाबरलेलो होतो असं कोणी म्हणेल. दुसऱ्याच्या वेळी मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेलो होतो. पांडूनं तिथे खरं सांगितलं. एकदाच सांगितलं. मागे बसलेल्यांत हसू फुटलं — म्हणे मुकादमावर घालतोय! — आणि मीही थोडा हसलो.

त्याला ठाण्याला शिक्षा भोगायला नेलं. परत आला तेव्हा केस पांढरे झालेले. पंचांनी त्याचा चाबूक अड्ड्यासमोर मोडला, पुन्हा कधी जू जोडू नये म्हणून. मोडला कोणी? मुकादमानं मोडायचा असतो. मीच मोडला. त्यानंतर तो स्टेशनावर डोक्यानं ओझी वाहायचा. ताडीच्या थेंबाला शिवला नाही. रस्त्यात भेटलो तर मान खाली घालायचा. मी घालायची ती मान तो घालायचा. एकदा तरी शिवी दिली असती हरामखोरानं! बघा, अजून मला त्याच्यावरच राग येतो. मेला माणूस, तरी राग येतो.

आणि मला काय मिळालं? पागोटं. गावच्या मोठ्या माणसांनी बोलावून माझ्या डोक्याला बांधलं — का, तर याच्यामुळे उतार सुरक्षित. अड्ड्यावर नवा गाडीवान आला की त्याला चिंचेखाली बसवून पांडूची गोष्ट सांगतात. “पिऊन चढलास तर पांडू होशील.” माझ्यासमोर सांगतात. मी मान डोलावतो. अफू सोडली मी, सोनी गेली त्या दिवसापासून. ती सोडायला एवढं लागलं, एक बाई आणि एक माणूस. सोडली म्हणून माझं पाप काही कमी होत नाही.

हे आजवर दाबलं, ते अजूनही दाबलं असतं. खोटं कशाला बोलू? पण या चैत्रात पांडूचा मुलगा गणू अड्ड्यावर आला. तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. उसनेपासने करून बैल जोडले होते, अड्ड्यावर जागा हवी होती. बापासारखाच उंच. चिंचेखाली त्यानं न सांगता श्वास सोडला, डोळे मिटून दोन्ही शिवळा घातल्या. शिवळ जुवात बसल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. इतक्या वर्षांत असा हात मी बघितला नव्हता. पंच माझ्याकडे वळले. म्हणाले, मुकादम, तुमचा शब्द.

आता तरी? बोलायला दुसरी कोणती वेळ हवी होती? पांडू मेलेला, साहेब कधीचा बदलून गेलेला, माझे दात पडलेले. कोण काय करणार होतं मला? पण पागोटं डोक्यावर होतं, आणि सगळे बघत होते.

मी म्हणालो, “रक्त बापाचंच. नको.”

गणूनं बैलांच्या मानेवरून हात फिरवला, त्यांना वळवलं. मग जायच्या आधी, मी वडीलधारा म्हणून, तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.